दवाखाना म्हणतो ‘बरी आहे’, निवारा म्हणतो ‘आजारी आहे’. मग बेघर बाईने जायचं कुठे?

मुंबईतल्या एखाद्या महापालिका रुग्णालयाचा प्रसूती वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. समजा, उड्डाणपुलाखाली राहणारी एक बाई तिथे बाळंत झाली आहे. सिझेरियन झालंय, हिमोग्लोबिन कमी आहे आणि खोकला बरेच दिवसांचा असल्याने थुंकीची तपासणी करायला सांगितली आहे. काही दिवसांनी डिस्चार्ज मिळतो. कार्डावर सूचना आहेत: टाके कोरडे ठेवा, लोहाच्या गोळ्या रोज घ्या, सकस आहार घ्या, विश्रांती घ्या, आठवड्याने दाखवायला या, तपासणीचा रिपोर्ट अमुक खिडकीवरून न्या.

यातली एकही सूचना वैद्यकीयदृष्ट्या चुकीची नाही. पण टाके कोरडे ठेवायला छप्पर लागतं. गोळ्या ठेवायला जागा लागते. आठवड्याने परत यायचं तर मोठं मूल कुणाकडे तरी सोडावं लागतं. आणि कार्डावर ‘पत्ता’ म्हणून जी ओळ असते, तिथे काय लिहायचं?

ही बाई काल्पनिक आहे, तिच्यापुढचे अडथळे नाहीत. आणि तिच्यासाठी काहीच योजना नाहीत, असंही म्हणता येत नाही. उलट योजना मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरणार नाहीत. प्रश्न असा आहे की त्या सगळ्या वेगवेगळ्या खिडक्यांवर आहेत, आणि एका खिडकीवरून दुसरीपर्यंत तिला घेऊन जाणं हे कुणाचंच काम नाही.

आकड्यांत किती, रस्त्यावर किती?

२०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार लोक बेघर म्हणून नोंदले गेले. त्यातल्या महिला सुमारे ४१ टक्के, म्हणजे सव्वासात लाख. उत्तर प्रदेशानंतर सर्वाधिक बेघर महाराष्ट्रात होते, दोन लाख दहा हजारांच्या घरात. एकट्या बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार.

हे आकडे वापरताना थोडं सावध राहावं लागतं. बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारी २०११च्या एका रात्रीत झाली. फूटपाथ, पुलाखालची जागा, रेल्वे फलाट, देवळाचा मंडप अशा ठिकाणी प्रगणकांनी जाऊन नोंद करायची होती. एकटी बाई मात्र रात्री दिसेल अशा जागी झोपणं टाळते. ती जागा बदलते, एखाद्या कुटुंबाच्या पालाला लागून झोपते, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसून रात्र काढते किंवा रात्री जागी राहून दिवसा बागेत झोपते. सुरक्षित राहण्याचा मार्ग आणि मोजणीतून सुटण्याचा मार्ग इथे एकच होतो.

‘बेघर महिला’ हा एकसारखा गटही नाही. कुटुंबासह पिढ्यान् पिढ्या त्याच फूटपाथवर राहणाऱ्या बाया वेगळ्या. नवऱ्याच्या मारहाणीतून निघून आलेली, सासर-माहेर दोन्ही तुटलेली वेगळी. मानसिक आजारात भरकटत दुसऱ्या राज्यातून इथवर आलेली वेगळी आणि मुलांनी घराबाहेर काढलेली सत्तरीची आजी वेगळी. सरकारी दफ्तरात या प्रत्येकीचं खातं वेगळं आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा एकीच्या वाट्याला एकाच वेळी दोन-तीन खाती येतात. आणि बहुतेक वेळा येतातच.

पाच खाती, एक बाई

वरच्याच उदाहरणातल्या बाईला नेमकं काय काय मिळू शकतं, ते पाहू.

तिची प्रसूती पालिकेच्या आरोग्य खात्याने केली. पहिलं मूल असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतले ५ हजार रुपये मिळू शकतात. ते आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर मिळतो. हे एकात्मिक बालविकास योजनेचं काम, म्हणजे महिला व बालविकास खातं. २०२५पासून हा आहार देताना पोषण ट्रॅकर ॲपवर चेहऱ्याची पडताळणी लागते, त्यासाठी आधार आणि मोबाइल हवा. खोकला क्षयरोगाचा निघाला तर औषधं मोफत आहेत आणि उपचार सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा पैसे मिळतात. आधी ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४पासून १ हजार झाले. तेही बँक खात्यातच. राहायला जागा हवी तर शहरी बेघरांसाठीचा निवारा, तो नगरविकास खात्याच्या अखत्यारीत. नवऱ्याने मारून हाकललं असेल तर ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, पण तिथला मुक्काम तात्पुरता, साधारण पाच दिवसांपर्यंत. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दीड हजारही आहेत. पुन्हा आधार, रहिवासाचा पुरावा, बँक खातं.

यातल्या जवळपास प्रत्येक दारावर ओळख, पत्ता, खातं आणि मोबाइल यांपैकी काहीतरी मागितलं जातं. प्रत्येक खात्याच्या दृष्टीने ही मागणी रास्त आहे, कारण खोटे लाभार्थी रोखायचे आहेत. पण जिला सगळ्यात जास्त गरज आहे, तीच या चाळणीतून सगळ्यात आधी बाहेर पडते. जानेवारी २०१८मध्ये शहरी बेघरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सरकारला विचारलं होतं की ज्यांना पत्ता नाही, त्यांनी आधार काढायचं कसं.

एक विचित्र गोष्ट इथे घडते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची जन्मनोंद करणं ही रुग्णालयाची जबाबदारी असते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंतचा मुख्य कागद झाला आहे. म्हणजे आईकडे एकही कागद नसताना बाळाला तो मिळण्याची सोय आहे. पण दाखला नंतर प्रभाग कार्यालयातून काढून आणायला कुणीतरी जावं लागतं. ओल्या बाळंतिणीने ते करावं, अशी अपेक्षा आहे.

‘सोबत कोण आहे?’

सरकारी रुग्णालयात गेलेल्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा आहे. केसपेपर काढणं, रक्ताचा नमुना लॅबमध्ये नेऊन देणं, स्टॉकमध्ये नसलेलं औषध बाहेरून आणणं, रात्री रुग्णापाशी बसणं ही सगळी कामं आपल्या व्यवस्थेत ‘नातेवाईक’ नावाचा बिनपगारी कर्मचारी करतो. तो नसेल तर वॉर्ड अडखळतो. बेघर बाईच्या बाबतीत तो नसतोच. शुद्ध हरपलेल्या अवस्थेत आणलेल्या बाईच्या पेपरवर तर ‘अनोळखी’ किंवा ‘बेवारस’ असाच शिक्का बसतो.

मोठ्या रुग्णालयांत यासाठी एक पद आहे: समाजसेवा अधीक्षक. बेवारस रुग्णांची पोलिसांत माहिती देणं, नातेवाइकांचा शोध, ट्रस्टकडून औषधाचा खर्च मिळवणं, डिस्चार्जनंतर संस्था शोधणं ही कामं त्यांच्याकडे असतात. आरोग्य आणि समाजकल्याण यांच्यातला एकमेव अधिकृत पूल म्हणजे हे पद. मात्र त्यांची सत्ता रुग्णालयाच्या फाटकाशी संपते. निवाऱ्याने बाईला घ्यावं, असा आदेश ते देऊ शकत नाहीत; ओळखीपाळखीच्या संस्थांना फोन करत राहतात. कुणी ‘हो’ म्हणेपर्यंत खाट अडलेली आणि वॉर्डमधून विचारणा सुरू.

निवाऱ्याची बाजूही ऐकायला हवी. सर्वसाधारण निवाऱ्यात एक काळजीवाहक असतो, परिचारिका नसते. शेजारी शेजारी झोपणाऱ्या माणसांत संशयित क्षयरोग असलेली बाई, तिचं पाच दिवसांचं बाळ आणि ओले टाके ठेवायचे म्हणजे काही झालं तर जबाबदारी कुणाची? म्हणून निवारा म्हणतो, आधी पूर्ण बरी करून पाठवा. रुग्णालय म्हणतं, आमच्या निकषांनुसार ती बरीच आहे. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. रुग्णालयातून बाहेर पडण्याइतकी बरी आणि रस्त्यावर राहण्याइतकी बरी यांच्यामध्ये जे दोन-तीन आठवडे असतात, त्यांच्यासाठी व्यवस्थेत पुरेशी जागाच ठेवलेली नाही. घर असलेल्या बाईचे हे आठवडे माहेरी जातात.

निवारे आहेत किती?

सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २०१०मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी, चोवीस तास चालणारा निवारा असावा, असं सांगितलं. २०१३मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारा योजना आली आणि हाच निकष त्यात उतरला. महिला आणि त्यांच्या लहान मुलांसाठी स्वतंत्र निवारे, तसंच आजारी आणि मनोरुग्ण बेघरांसाठी खास निवारे हेही त्या मार्गदर्शक सूचनांत आहे. शिवाय निवारा म्हणजे फक्त झोपायची जागा नव्हे, तिथून ओळखपत्र, रेशन, अंगणवाडी, दवाखाना यांना जोडून द्यायचं, असंही लिहिलं आहे. थोडक्यात, समन्वयाची कल्पना कागदावर आधीपासून आहे.

मुंबईची २०११ची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास धरली तर निकषाने सव्वाशे निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही. जागा नाही, हे पालिकेचं नेहमीचं उत्तर. त्यात तथ्य नाही असं नाही, पण ज्या शहरात वाहनतळासाठी बहुमजली इमारती उभ्या राहतात, तिथे हे उत्तर पूर्ण पटत नाही.

राजकीय वातावरणही फारसं अनुकूल नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये बेघरांच्या निवाऱ्याच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मोफत योजनांमुळे लोक काम करायला तयार नाहीत, अशा आशयाची टिप्पणी केली. त्याच सुनावणीत केंद्राने शहरी दारिद्र्य निर्मूलनाचं नवं अभियान अंतिम टप्प्यात असल्याचं सांगितलं.

मदतीची गाडी की उचलणारी गाडी?

समन्वयाबद्दल बोलताना एक गोष्ट सहसा बाजूला पडते, ती म्हणजे भीती. बेघर बायका सरकारी गाडी पाहून लांब पळतात, त्यामागे कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे भीक प्रतिबंध कायदा. १९५९चा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध अधिनियम महाराष्ट्रात अजून लागू आहे. भीक मागताना सापडलेल्या व्यक्तीला पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी यातली कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात तसं झालेलं नाही, आणि ही भिक्षेकरी गृहं महिला व बालविकास खात्याकडेच आहेत. म्हणजे संरक्षण देणारं खातं आणि डांबणारं खातं एकच.

दुसरं कारण मूल. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार घर नसलेलं आणि उपजीविकेचं साधन नसलेलं मूल ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरतं आणि बालकल्याण समितीसमोर नेलं जाऊ शकतं. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय असावा, असं त्याच कायद्याच्या तत्त्वांत म्हटलं आहे. पण फूटपाथवरच्या आईला कायद्याची तत्त्वं कुणी वाचून दाखवत नाही. ‘दवाखान्यात खरं सांगितलं तर पोर काढून घेतील’ एवढंच तिच्यापर्यंत पोहोचतं. डिस्चार्जची वाट न पाहता बाळ घेऊन निघून गेलेल्या बाईच्या पेपरवर ‘पळून गेली’ असा शेरा पडतो. तिने केलेला हिशोब त्या शेऱ्यात येत नाही.

तिसरं, फूटपाथ मोकळा करण्याची कारवाई. पालिकेचं अतिक्रमण खातं सामान उचलतं तेव्हा भांड्याकुंड्यांसोबत औषधाची पिशवी, आधारची झेरॉक्स आणि डिस्चार्ज कार्डही जातं. त्याच पालिकेचं आरोग्य खातं मग तिला ‘उपचार अर्धवट सोडलेली रुग्ण’ म्हणून शोधतं. एकाच कार्यालयाच्या दोन मजल्यांमधला हा समन्वय साधायला दिल्लीतून नवी योजना येण्याची गरज नाही.

मानसिक आजार: जिथे कायदा पुढे आहे

गंमत म्हणजे, आरोग्य आणि सामाजिक आधार यांची सांगड घालणारा सर्वात स्पष्ट कायदा देशात आहे आणि तो मानसिक आरोग्याचा आहे. मे २०१८पासून लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७.

रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मानसिक आजारी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षणाखाली घेणं हे त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. तिला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. तपासणीत दाखल करण्याची गरज नाही असं ठरलं आणि ती बेघर असेल, तर तिला बेघरांसाठीच्या सरकारी संस्थेत पोहोचवायचं. बेघर आणि निराधारांना दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरी उपचार मोफत. रुग्ण महिलेचं तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून वेगळं करायचं नाही. तिच्या वतीने निर्णयात मदत करायला कुणीच नसेल तर ती जबाबदारी समाजकल्याण संचालकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या प्रतिनिधीकडे जाते. ‘सोबत कोण आहे?’ या प्रश्नाला कायद्याने दिलेलं हे उत्तर आहे. आणि फक्त घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही.

शेवटची तरतूद पाळायची तर बाहेर राहण्याची सोय हवी. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. बरे होऊनही वर्षानुवर्षं तिथेच राहिलेल्यांचा प्रश्न डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. त्याआधी जुलै २०२१मध्ये, महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात असल्याची बाब समोर आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ते तातडीने थांबवायला सांगितलं. पुनर्वसन म्हणजे एका कुलुपातून दुसऱ्या कुलुपात, असा अर्थ लावला गेला होता.

जिथे जमलंय, तिथे काय केलं?

चेन्नईची ‘द बनियन’ ही संस्था १९९३पासून मानसिक आजार असलेल्या बेघर महिलांसाठी काम करते. त्यांच्या ‘होम अगेन’ या उपक्रमात दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात. मदतीला एक सहायक असते. स्वयंपाक, बाजारहाट, शेजाऱ्यांशी भांडण, सणवार सगळं त्यांचं त्या पाहतात; औषध आणि डॉक्टर मागून येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या मार्गदर्शिकेत हा उपक्रम चांगलं उदाहरण म्हणून घेतला.

महाराष्ट्रात अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचा ‘माउली’ प्रकल्प रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण महिलांना मुलांसह ठेवून घेतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन उपचारानंतर रुग्णांना त्यांच्या गावी घरच्यांपर्यंत पोहोचवते. त्यांना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कामाबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट म्हणायला हवी. राज्याच्या एका कर्तव्याचा भार एखाद्या डॉक्टर दांपत्याच्या चांगुलपणावर टिकून असणं ही कौतुकाइतकीच काळजीचीही बाब आहे.

सरकारी चौकटीतलं उदाहरणही मुंबईतच आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००मध्ये पालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, नंतर ते पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेलं. घरात मार खाल्लेली बाई जखम दाखवायला कुठे तरी येतेच, मग समुपदेशक तिथेच बसवू, एवढी साधी ती कल्पना होती. बाईने खिडक्या फिरण्याऐवजी खिडकी तिच्याकडे आली. रुग्णालयाच्या नोंदीत ‘राहण्याची जागा नाही’ असा एक रकाना वाढवून हेच बेघर महिलांसाठी करायला फार मोठा खर्च येणार नाही.

इंग्लंडमध्ये हाच रकाना कायद्याने आला आहे. ऑक्टोबर २०१८पासून तिथल्या रुग्णालयांवर एक बंधन आहे: रुग्ण बेघर आहे किंवा होण्याच्या बेतात आहे असं दिसलं, तर तिच्या संमतीने स्थानिक गृहनिर्माण विभागाला कळवायचं. २०२२मध्ये तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने बेघरांसाठी आरोग्य आणि सामाजिक सेवा एकत्र कशा द्याव्यात, याची मार्गदर्शिका काढली. त्यात डॉक्टर-समाजसेवकांची एकत्र पथकं, रस्त्यावर जाऊन भेटणं, स्वतः बेघरपण भोगलेल्यांना कामात घेणं आणि एका भेटीत काम आटोपण्याची घाई न करणं यावर भर आहे. तरीही इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१च्या अंदाजानुसार बेघर महिलांचं मृत्यूसमयीचं सरासरी वय ४३ वर्षं होतं. कळवणं सक्तीचं झालं म्हणून घरं वाढली नाहीत.

आपल्याकडे सामान्य रुग्णालयांवर असं कळवण्याचं बंधनही नाही. ते आणायचं तर पहिला प्रश्न हाच येईल की कळवायचं कुणाला? प्रभाग पातळीवर एका व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर ठरला, तिच्या हातात निवाऱ्यातल्या दोन-चार राखीव खाटा असल्या आणि निवाऱ्याचा पत्ता आधार, बँक आणि अंगणवाडीने ग्राह्य धरला, तर वरच्या गोष्टीतल्या बाईचे ते दोन-तीन आठवडे निघू शकतात. क्षयरोगाच्या गोळ्या निवाऱ्याच्या कपाटात राहू शकतात. मुलासाठी बालकल्याण समितीपुढे जायची वेळ आली तर आई सध्या कुठे राहते, हे सांगायला कुणीतरी असेल.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेने होणार आहे. मागच्या वेळी बेघरांच्या वाट्याला त्याआधीची एक रात्र आली होती. या वेळी प्रगणकांसोबत त्या भागातली आरोग्यसेविका किंवा निवाऱ्यातली बाई गेली, तर कोण कुठे दडून झोपते हे तिला ठाऊक असेल.